दोराचे दुसरे टोक : बहारीनची फिजरी आणि आपल्या नथीतला मोती

मुहर्रकच्या जुन्या वस्तीतील एका दालनात पंचवीस-तीस पुरुष वर्तुळाकार बसलेले आहेत. अंगात पांढरे झगे, पाय दुमडलेले, हात मोकळे. एकाच्या मांडीवर मातीचा रिकामा घडा आहे आणि तो त्याच्या पोटावर व तोंडावर आळीपाळीने थापा देतो आहे. बाकीच्यांच्या टाळ्या एकमेकींच्या फटीत अशा चपखल बसतात की, कोणती टाळी कोणाची हे ओळखू येत नाही. वर्तुळाच्या मध्यभागी उभा असलेला गायक उंच पट्टीत आर्त सूर लावतो आणि त्या सुराखाली, जणू जमिनीच्या पोटातून, सगळ्यांचा मिळून एक खोल घुमारा उठतो.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे मराठी श्रोते तिथे होतो. एकाला वारीतले भजन आठवले. दुसऱ्याने बोटांवर मात्रा मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने तो नाद सोडून दिला. तिसरीचे डोळे त्या घुमाऱ्याने अकारण भरून आले. मी वार्ताहराच्या सवयीने टिपणवही काढून शब्दांचा अर्थ विचारू लागलो. शेजारी बसलेले एक वयोवृद्ध बहारीनी गृहस्थ जुन्या मुंबईच्या वळणाच्या हिंदीत म्हणाले, “तुम्हा लोकांना हे दुःखाचे गाणे वाटते. माझ्या आजोबांसाठी ती विश्रांती होती.”

एका दालनात, एका गाण्याचे पाच अर्थ. यातला खरा कोणता? कलेबद्दलचा हा प्रश्न तसा फार जुना आहे. पण बहारीनमध्ये, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या या संगीतासमोर तो विचारला की त्याचे उत्तर अनपेक्षितपणे आपल्या घरातल्या दागिन्यांच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचते.

समुद्रावरचे गाणे, किनाऱ्यावरचे गाणे

या संगीताला अरबीत ‘फिजरी’ म्हणतात. बाहेरचे लोक त्याला सरसकट ‘पाणबुड्यांची गाणी’ म्हणतात, तेव्हा एक महत्त्वाचा फरक नजरेआड होतो. मोत्यांच्या गलबतावर प्रत्यक्ष काम करताना म्हटली जाणारी गाणी वेगळी होती. शीड चढवताना एक, वल्ही मारताना दुसरे, नांगर ओढताना तिसरे, अशी ती कामाच्या जातीप्रमाणे विभागलेली असत. दहा-वीस माणसांचे बळ नेमके एकाच क्षणी दोरावर पडावे, हा त्यांचा पहिला हेतू. ताल चुकला तर केवळ गाणे बिघडत नसे, हाताची सालडी निघे. गाणे हे तिथे वल्ह्याइतकेच एक अवजार होते.

फिजरी मात्र मुख्यतः किनाऱ्यावरची. हंगाम संपवून परतलेली माणसे रात्री एकत्र जमत ती ‘दार’ नावाच्या जागेत. अरबीत दार म्हणजे घर. अशा प्रत्येक दाराची स्वतःची मंडळी असे आणि स्वतःचा लौकिक असे. तिथे शीड नव्हते, नांगर नव्हता, वेळेचा धाक नव्हता. समुद्रावर जे सूर कामाला जुंपलेले होते, ते इथे कामातून सुटून स्वतःच्या मर्जीने चालू लागत. लांबत, गुंतत, खेळत. त्या वृद्ध गृहस्थांच्या आजोबांची ‘विश्रांती’ ती हीच.

तिची घडणही समजून घेण्याजोगी आहे. मुख्य गायकाला ‘नह्हाम’ म्हणतात. मोठ्या गलबतावर त्याची गाण्यासाठी मुद्दाम नेमणूक होई, कारण चांगला नह्हाम असला की खलाशांचे मन आणि हात दोन्ही टिकत. ‘जहला’ म्हणजे पाण्याचा मातीचा घडा, ‘मिरवास’ हे छोटे दुतोंडी चर्मवाद्य, ‘तार’ म्हणजे आपल्या डफासारखे वाद्य आणि ‘तूस’ म्हणजे बोटांत धरायचे छोटे टाळ. तंतुवाद्य नाही, सुषिर वाद्य नाही. स्वराची सगळी जबाबदारी माणसाच्या गळ्यावर. फिजरीचे बहरी, अदसानी, हद्दादी, मखोलफी, हसावी असे प्रकार आहेत आणि ते मुख्यत्वे तालचक्रांच्या रचनेवरून ओळखले जातात. काही चक्रे इतकी दीर्घ असतात की, सम कुठे आली हे नवख्याला कळत नाही. आमचे मित्र मात्रा मोजता मोजता का थांबले, याचे उत्तर यात आहे.

ऋणाचा हिशेब

हे संगीत ज्या जीवनातून आले, ते जीवन कठोर होते. मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, सुमारे चार महिन्यांचा. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगडाचे वजन बांधलेला एक दोर धरून तळाशी जाई आणि एक-दीड मिनिटात जमतील तितके शिंपले गळ्यातल्या जाळीच्या टोपलीत भरी. दुसऱ्या दोराचे टोक वर गलबतावर ‘सैब’ नावाच्या माणसाच्या हाती असे. खालून दोराला झटका बसला की सैबाने त्याला ओढून वर घ्यायचे. दिवसभरात अशा डझनावारी बुड्या. कानाचे पडदे फाटणे आणि डोळे अधू होणे हे या व्यवसायाचे नेहमीचे आजार होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारसाठी तयार झालेल्या लॉरिमर यांच्या गॅझेटियरनुसार, एकट्या बहारीनमधून सुमारे ९०० नौका आणि १७ हजारांहून अधिक माणसे मोत्यांसाठी समुद्रावर जात. या माणसांना पगार नसे. हंगामाच्या आधी घरखर्चासाठी उचल मिळे, हंगामानंतर उत्पन्नातला वाटा मिळे, आणि वाटा बहुधा उचलीपेक्षा कमी भरे. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाई. बाप गेला तर मुलाच्या नावावर चढे. पाणबुड्यांमध्ये पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसेही होती. १९२०च्या दशकातील सुधारणांनी प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही देणे बंधनकारक केले. तरीही १९२६ आणि १९३२ मध्ये पाणबुड्यांचे उठाव झाले.

सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या शेतकऱ्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. गलबताच्या प्रमुखाला इथे ‘नाखुदा’ म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ आणि हा नाखुदा ही एकाच फारसी शब्दाची लेकरे. दोन्ही किनाऱ्यांवर समुद्राची भाषा काही अंशी एकच होती.

जिन्न, संशोधक आणि युनेस्को

फिजरी कोणी निर्माण केली? ती गाणाऱ्यांची आख्यायिका सांगते की, काही माणसांनी एका निर्जन जागी जिन्नांना गाताना ऐकले. जिन्नांनी त्यांना हे गाणे शिकवले, पण ते कोणाला सांगितल्यास प्राणाला मुकाल, अशी अट घातली. त्या माणसांनी गुपित सांभाळले आणि त्यांच्यातला अखेरचा जो उरला, त्याने मृत्यू समोर दिसू लागल्यावर ते इतरांना दिले.

ही कथा भाबडी म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. मला मात्र तिच्यात एक शहाणपण दिसते. ज्याचे शरीर नाखुद्याकडे गहाण, ज्याचा मुलगा वहीत लिहिलेला, त्याच्याकडे अशी एकच वस्तू होती जी कोणा मालकाने दिली नव्हती आणि कोणी जप्त करू शकत नव्हते. ती माणसांच्या जगाबाहेरून आली, असे सांगणे हा तिच्यावरचा हक्क सांगण्याचाच एक प्रकार होता.

त्यानंतर दुसऱ्या प्रकारचे ऐकणारे आले. १९५३ पासून डॅनिश पुरातत्त्वज्ञ बहारीनमध्ये उत्खनन करीत होते. त्यांच्यामागोमाग संगीतकार व संशोधक पाऊल रोव्हसिंग ओल्सेन आले आणि त्यांनी इथल्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. त्यांचा ‘म्युझिक इन बहरीन’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७०च्या दशकात पॅलेस्टिनी संगीतज्ञ हबीब हसन तूमा यांनी केलेले फिजरीचे ध्वनिमुद्रण युनेस्कोच्या संगीतमालिकेतून जगभर गेले. संशोधकांनी तालचक्रे मोजली, प्रकारांची नोंद केली, मौखिक परंपरेला कागद दिला. वर्तुळात बसून गाणाऱ्याला जे हाताने ठाऊक होते, ते आता वर्तुळाबाहेरच्यालाही अभ्यासता येऊ लागले.

मग वारसा म्हणून पाहणारे आले. २०१२ मध्ये मुहर्रकच्या मोती-अर्थव्यवस्थेच्या खुणा जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. त्यात समुद्रातील शिंपल्यांचे तीन पट्टे, किनाऱ्याचा एक तुकडा आणि व्यापारी, नाखुदा, पाणबुडे यांच्या घरांसह १७ वास्तू आहेत. या सर्वांना जोडणारा सुमारे साडेतीन किलोमीटरचा ‘मोतीमार्ग’ आज पायी फिरता येतो. मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. फिजरीच्या काही जुन्या दारांचेही नूतनीकरण झाले आणि त्यांना जोडून बेल्जियन वास्तुरचनाकारांनी नवी दालने उभारली. या दालनांभोवती पोलादी जाळीचा पडदा आहे. तो वर सरकला की आतले गाणे गल्लीला ऐकू येते. २०२१ मध्ये फिजरीचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाला.

म्हणजे पाहा : खलाशासाठी हे अवजार आणि विरंगुळा होते, आख्यायिकेसाठी गुपित, संशोधकासाठी रचना, वास्तुरचनाकारासाठी अवकाश, राष्ट्रासाठी ओळख. गाणे तेच, पण प्रत्येकाने त्यात वेगळे काही ऐकले आणि प्रत्येकाचे ऐकणे आपापल्या जागी खरे आहे. कलेचा अर्थ तिच्या निर्मात्यापाशी थांबत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. तरीही या यादीत एक नाव राहून जाते. ते आपले.

बसऱ्याचा मोती

आखातातले हे मोती मुहर्रकमध्ये थांबत नसत. व्यापाऱ्यांकडून ते मोठ्या प्रमाणावर मुंबईला येत. तिथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना वेज पाडले जाई, ते सरांत ओवले जात आणि तिथून देशोदेशी जात. हा व्यापार इतका जवळचा होता की बहारीनच्या बाजारात १९६५ पर्यंत रुपया हेच चलन होते. भारतात या मोत्यांना नाव मिळाले ते बंदराचे : बसरा मोती. नाव इराकमधल्या बसऱ्याचे, पण त्यातले कितीतरी शिंपले बहारीनभोवतीच्या उथळ समुद्रातले.

मराठी घरांत ‘बसऱ्याचा मोती’ हे शब्द आजही विशिष्ट आवाजात उच्चारले जातात. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या यांतला मोती बसऱ्याचा असेल तर तो लेकी-सुनांना सांगून दिला जातो. बडोद्याच्या गायकवाडांनी तर या मोत्यांचा गालिचाच करवला. १८६५च्या सुमारास खंडेराव गायकवाडांच्या आज्ञेवरून दहा लाखांहून अधिक बारीक मोती, हिरे-माणके-पाचूंसह, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर जडवले गेले. मदिनेतील पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो बनवला, असे सांगितले जाते. तो तिथे गेला नाही. २००९ मध्ये दोहा येथील सोदबीजच्या लिलावात त्याला पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास किंमत आली आणि आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भक्तीची वस्तू, राजवैभवाची खूण, लिलावातला माल आणि संग्रहालयातला नमुना, असे सारे अवतार या एका कलाकृतीने दीडशे वर्षांत घेतले. आखातातून गेलेले मोती मराठी राजाच्या गालिच्यावरून पुन्हा आखातात परतले.

या गालिच्यासमोर उभे राहणारा प्रेक्षक कारागिराच्या बोटांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला प्रत्येक मोती कोणीतरी श्वास रोखून वर आणला होता. बहारीनमधील रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत मोती क्ष-किरणांखाली ठेवला की तो नैसर्गिक आहे की संवर्धित, खाऱ्या पाण्यातला की गोड्या, हे सांगता येते. तो कोणी काढला, त्या वर्षी त्याच्या वहीत किती बाकी होती, हे कोणताही किरण सांगत नाही. ती बाजू सांगणारी जी थोडी साधने उरली आहेत, त्यांत फिजरी आहे. म्हणून, आजीची नथ जपणारे आपण या गाण्याचे केवळ पाहुणे श्रोते नाही. पाणबुड्याच्या कमरेला बांधलेला तो दोर गलबताच्या काठावर संपत नव्हता. त्याचे एक टोक मुंबईच्या बाजारातून आपल्या माजघरापर्यंत आलेले होते.

जात्याचे उत्तर

या व्यवसायाचा अंत झपाट्याने झाला. जपानमध्ये मिकिमोतो यांनी विकसित केलेले संवर्धित मोती १९२०च्या दशकात बाजारात पसरले, १९२९ नंतरच्या मंदीने श्रीमंतांचे खिसे आवळले आणि १९३२ मध्ये बहारीनमध्ये तेल सापडले. पाणबुडे तेलकंपनीत कामाला गेले. तिथे महिन्याला पगार होता आणि बापाची बाकी नव्हती. समुद्र सुटला याचे दुःख कितीजणांना झाले असेल, याबद्दल शहरी हळवेपणाने बोलणे बरे नव्हे.

काम गेले, गाणे उरले. इथे मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. पहाटे अंधारात दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा फिरवीत. घरघरीच्या लयीत ओवी निघे. तिलाही प्रेक्षक नव्हता. सासरचे, माहेरचे, विठ्ठलाचे, नवऱ्याच्या मारहाणीचेही बोलणे त्या अंधारात जात्यापाशी होई. गावात गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. बाईच्या खांद्याला आराम मिळाला आणि ओवीचा आधार गेला. हेमा राईरकर आणि गी पोयटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतल्या अनेक आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर मूळ आवाजात ऐकता येतात.

फिजरी आणि ओवी यांच्यापुढचा पेच सारखाच आहे. जे गाणे कामासाठी, स्वतःसाठी, सोबतीसाठी जन्मले, त्याला प्रेक्षक मिळाला की ते बदलते. रात्रभर चालणारी बैठक तासाभराच्या कार्यक्रमात बसवावी लागते. गाणारा आता पाणबुड्या नसतो. तो दिवसा बँकेत किंवा कार्यालयात असतो आणि संध्याकाळी दारात येतो. यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, ही आता नक्कल उरली. दुसरी म्हणते, जतन झाले, काम फत्ते. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. नक्कल म्हणणारा हे विसरतो की गुलामीची आणि कर्जाची अट लावून कला अस्सल ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. जतन झाले म्हणणारा हे विसरतो की यादीत नाव गेल्याने ताल हातात येत नाही. तो शेजारी बसणाऱ्याच्या टाळीतूनच शिकावा लागतो. गाणे जिवंत आहे की नाही, याची साधी कसोटी अशी : वर्तुळात नव्या माणसाला जागा मिळते का, आणि तो चुकला तर त्याला कोणी डोळ्याने दुरुस्त करते का? त्या संध्याकाळी विशीतल्या एका मुलाची टाळी दोनदा निसटली. पलीकडच्या म्हाताऱ्याने भुवई उंचावली, स्वतःची टाळी जरा मोठी केली आणि मुलगा पुन्हा तालात आला.

ऐकावे कसे?

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कलेपुढे एक संकोच असतो : ‘मला त्यातले काही कळत नाही.’ मुहर्रकमध्ये तो बाळगण्याचे कारण नाही. कलेत शिरायला अनेक वाटा आहेत. ज्याला ताल कळतो त्याने घड्यावरचे हात पाहावेत. ज्याला भाषा येत नाही त्याने घुमारा ऐकावा. त्याला भाषांतर लागत नाही. ज्याला इतिहासाची आवड आहे त्याने आधी मोतीमार्गावरून पायी चालावे, व्यापाऱ्याचा वाडा आणि पाणबुड्याचे घर यांतले अंतर स्वतःच्या डोळ्यांनी मोजावे आणि मग दारात येऊन बसावे. मुले बरोबर असतील तर त्यांना फार समजावत बसू नये. घडा हे वाद्य आहे, एवढे त्यांना पुरते.

आणि मराठी घरातल्या श्रोत्यासाठी आणखी एक वाट आहे. मायदेशी जाल तेव्हा आजीची किंवा सासूबाईंची नथ एकदा मागून घ्या, हातात धरा आणि तिच्यातला मोती कुठून आला असे कुटुंबात काय सांगतात, ते विचारा. बहुधा उत्तर ‘बसऱ्याचा आहे’ एवढेच येईल.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “तुमचे आजोबा काढलेल्या मोत्यांचे पुढे काय झाले, याबद्दल काही बोलत का?” ते हसले. म्हणाले, “मोती त्यांचा नव्हताच. तो मुंबईला जायचा. तुम्हीच सांगा, पुढे काय झाले?”

माझ्या वहीत त्या संध्याकाळचे सगळे प्रश्न माझे आहेत. तो एक तेवढा त्यांचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याकडून यायचे आहे.